वनस्पती तुपाचा इतिहास व आपण घ्यावयाचा धडा

इतिहास म्हटला की विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे राजे, लढाया, तह आणि सनावळ्या उभ्या राहतात. वर्गात शिकविताना मीही बहुधा त्याच वाटेने जातो. परंतु माणूस रोज जे खातो त्यालाही इतिहास असतो. तो राजवाड्यात घडत नाही. आपल्या स्वयंपाकघरात आणि आपल्या शरीरात घडतो. पाठ्यपुस्तकात त्याला जागा नसते, म्हणून तो आपणच शोधून काढावा लागतो.

मी लहान असताना आमच्या घराच्या मागील दारी एक पिवळा पत्र्याचा डबा होता. त्यावरील हिरव्या ताडाच्या झाडाचे चित्र गंजाने अर्धेअधिक खाऊन टाकले होते. दादीने त्यात पुदिना लावला होता. हा डबा मूळचा डालड्याचा. "तुझ्या फुफूच्या लग्नातला आहे," असे दादी अभिमानाने सांगे. त्या लग्नात भटाऱ्याने असे कितीतरी डबे फोडून देगीत रिकामे केले होते आणि पाहुण्यांनी जेवणाची तोंड भरून तारीफ केली होती.

पुढे काही वर्षांपूर्वी अब्बांना हृदयविकाराचा झटका आला. अल्लाच्या कृपेने ते त्यातून बचावले. आहाराची चौकशी करताना डॉक्टरांनी विचारले, "घरात डालडा वापरत होता का?" अब्बा म्हणाले, "त्या काळी सगळेच वापरत होते, डॉक्टरसाहेब. सरकारमान्य होतं."

अब्बांचा आजार त्या डब्यामुळेच झाला असे मी म्हणणार नाही. हृदयविकाराला तंबाखू, रक्तदाब, मधुमेह, आनुवंशिकता अशी अनेक कारणे असतात. परंतु "सरकारमान्य होतं" हे शब्द माझ्या मनात घर करून राहिले. एखादा पदार्थ दोन-तीन पिढ्या राजरोस खाल्ला जातो, आणि त्याचा अपाय नंतर कळतो, हे कसे घडते? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. आज आपल्या मुलांच्या डब्यात जी पाकिटे आली आहेत, त्यांच्याकडे पाहण्याची दृष्टी या इतिहासातून मिळेल असे मला वाटते.

तेलाचे तूप कसे झाले?

लोण्या-तुपाला स्वस्त पर्याय शोधण्याची खटपट प्रथम युरोपात झाली. फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन याने सैन्यासाठी व गोरगरिबांसाठी लोण्यासारखा स्वस्त पदार्थ शोधून काढण्यास उत्तेजन दिले, आणि १८६९ साली मेज-मूरिए या रसायनशास्त्रज्ञाने गुरांच्या चरबीपासून मार्गारीन तयार केले. पण चरबीही मुबलक नव्हती. तेल मुबलक होते, मात्र ते पातळ. पातळ तेल घट्ट करता आले तर मोठीच सोय होणार होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॉल साबातिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने निकेल धातूच्या सान्निध्यात हायड्रोजन वायूचा इतर पदार्थांशी संयोग घडवून आणता येतो हे दाखविले. या कामाबद्दल त्याला १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जर्मनीच्या विल्हेल्म नॉर्मन याने हीच रीत तेलाला लावली आणि १९०२ साली तिचे पेटंट घेतले. १९११ साली अमेरिकेत सरकीच्या तेलापासून बनविलेली 'क्रिस्को' नावाची घट्ट चरबी बाजारात आली.

ही रीत विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घेण्यासारखी आहे. तेलाचे रेणू लांब साखळ्यांसारखे असतात. त्या साखळ्यांत काही ठिकाणी दुहेरी बंध असतात व तेथे साखळी वाकलेली असते. वाकड्या काटक्यांची मोळी जशी घट्ट बांधता येत नाही, तसे हे रेणू एकमेकांना चिकटून बसत नाहीत, म्हणून तेल पातळ राहते. तापविलेल्या तेलात निकेलची पूड घालून हायड्रोजन सोडला की बरेचसे दुहेरी बंध नाहीसे होतात, साखळ्या सरळ होतात आणि तेल गोठते. मात्र ही क्रिया अर्ध्यावर थांबविली तर काही दुहेरी बंध शिल्लक राहतात, पण त्यांची दिशा पालटते. साखळी तेथेही जवळजवळ सरळ होते. अशा चरबीला 'ट्रान्स फॅट' म्हणतात. आपल्या कथेतील खरा आरोपी हाच. परंतु तो ओळखला जाण्यास फार काळ लागला.

शिवडीचा कारखाना

हिंदुस्थानात हा पदार्थ प्रथम हॉलंडसारख्या देशांतून आयात होऊन आला. आपल्याकडे तुपाला मान होता, पण ते सर्वांना परवडत नव्हते. सणाला, लग्नाला, पाहुणचाराला तूप हवे, आणि खिशात तर पैसे नाहीत, अशी बहुसंख्य कुटुंबांची स्थिती. ही गरज ओळखून युनिलिव्हर कंपनीने १९३१ साली 'हिंदुस्थान वनस्पती मॅन्युफॅक्चरिंग कंपनी' स्थापन केली. मुंबईत शिवडी येथे कारखाना उभारण्यात आला व १९३२ साली तेथे उत्पादन सुरू झाले. १९३७ साली 'डालडा' हे नाव बाजारात आले. आयात करणाऱ्या 'दादा' नावाच्या पेढीच्या नावात लिव्हरचे 'ल' हे अक्षर घालून हे नाव बनले असे सांगितले जाते.

या पदार्थाचा प्रचार त्या काळाच्या मानाने मोठ्या कल्पकतेने झाला. सिनेमागृहात लहान चित्रपट दाखविले गेले आणि डब्याच्या आकाराची मोटार रस्त्यावरून फिरविली गेली. माल साजूक तुपासारखा रवाळ दिसेल याची काळजी घेतली जाई. प्रारंभी तो मुख्यतः भुईमुगाच्या तेलापासून बनत असे. हे तूप स्वस्त, टिकाऊ आणि दिसायला चांगले असल्याने खानावळी, मिठाईवाले, बेकऱ्या आणि लग्नाचे भटारी सर्वांनी ते उचलले. नानखटाई, खारी, टोस्ट, पराठे, बिर्याणी अशा किती पदार्थांत ते शिरले याची गणती नाही. गरिबाच्या ताटात त्याने तुपाचे समाधान आणले, हे आज टीका करतानाही विसरता कामा नये.

वाद झाला, पण कशावर?

वनस्पती तुपाला विरोध झालाच नाही असे नाही. १९४६ साली गांधीजींनी 'हरिजन' पत्रातून त्याविरुद्ध लिहिले. स्वातंत्र्यानंतर १९५० साली संसदेत पंडित ठाकूरदास भार्गव यांनी त्याच्या उत्पादनावर बंदी घालण्याचे विधेयक मांडले. बंदी आली नाही. स्वस्त स्निग्ध पदार्थाची गरज होती, कारखानदारीही वाढली होती.

विरोधकांची मुख्य तक्रार अशी की, साजूक तुपात वनस्पतीची भेसळ होते, गिऱ्हाईक फसते आणि गवळ्याचा धंदा बुडतो. तक्रार खरीच होती. त्यावर उपाय म्हणून वनस्पतीला निराळा रंग द्यावा असे सुचविण्यात आले, पण समाधानकारक रंग सापडला नाही. तेव्हा सरकारने एक युक्ती केली. वनस्पतीत किमान ५ टक्के तिळाचे तेल मिसळणे सक्तीचे केले. तिळाचे तेल असलेल्या तुपाची बॉदूँ चाचणी घेतली की गुलाबी-लाल रंग येतो. त्यामुळे साजूक तुपातील भेसळ प्रयोगशाळेत पकडता येऊ लागली.

दुसरा आक्षेप असा होता की, तुपात 'अ' जीवनसत्त्व असते, वनस्पतीत नसते. १९५३ पासून वनस्पतीत 'अ' जीवनसत्त्व घालणे बंधनकारक झाले. तिसरी शंका आरोग्याची. त्यासाठी सरकारने प्रयोग करवून घेतले आणि शरीराच्या उष्णतेला, म्हणजे सुमारे ३७ अंश सेल्सिअसला, वितळणारे वनस्पती अपायकारक नाही असा निष्कर्ष त्या वेळी काढण्यात आला. हे संशोधन खोटे नव्हते, पण ते अपुरे होते. उंदराची वाढ काही आठवड्यांत मोजता येते; माणसाची रक्तवाहिनी अरुंद होण्यास वीस-तीस वर्षे लागतात.

पुढे १९८३ साली वनस्पतीत परदेशातून आणलेली जनावरांची चरबी मिसळल्याची प्रकरणे उजेडात आली आणि देशभर खळबळ उडाली. तेव्हाही प्रश्न हाच होता, 'यात बाहेरचे काय मिसळले आहे?'

वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. भेसळ आहे का, जीवनसत्त्व आहे का, डबा शुद्ध आहे का, हे सर्व विचारले गेले. पण भेसळ नसलेल्या, सर्व नियम पाळून बनविलेल्या वनस्पतीतच काही दोष आहे का, हा प्रश्न मागे राहिला. अब्बा म्हणाले ते खरे होते. ते सरकारमान्य होते. परंतु ज्या कसोट्यांवर मान्यता मिळाली त्यांत रोगाची खरी कसोटी नव्हती.

दोष उघडकीस कसा आला?

अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाचे फ्रेड कुमेरो यांनी १९५७ साली मृत माणसांच्या शरीरातील चरबीची तपासणी करून तीत ट्रान्स फॅट साठलेले असल्याचे प्रसिद्ध केले. या संशोधनाकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. त्या काळी सर्व संशय जनावरांच्या चरबीवर होता. इतका की, १९८० च्या दशकात अमेरिकेत चरबी सोडून हायड्रोजनयुक्त तेलात तळा, असा आग्रह आरोग्याच्याच नावाखाली धरला गेला!

निर्णायक प्रयोग १९९० साली हॉलंडमध्ये झाला. ज्या देशातून हा पदार्थ हिंदुस्थानात येत असे, त्याच देशात त्याचा दोष सिद्ध व्हावा हा एक योगायोगच. मेन्सिंक आणि काटान या संशोधकांनी ५९ निरोगी माणसांना तीन-तीन आठवडे निरनिराळा आहार देऊन त्यांचे रक्त तपासले. ट्रान्स फॅटमुळे रक्तातील वाईट कोलेस्टेरॉल वाढते आणि चांगले कोलेस्टेरॉल कमी होते, असा दुहेरी अपाय त्यांना दिसला. १९९३ साली वॉल्टर विलेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील सुमारे ८५ हजार परिचारिकांच्या आठ वर्षांच्या नोंदींवरून ट्रान्स फॅट व हृदयविकार यांचा संबंध दाखविला. २००६ पर्यंतच्या अभ्यासांचा एकत्रित हिशेब असा निघाला की, आहारातील एकूण उष्मांकांपैकी केवळ २ टक्के ट्रान्स फॅटमधून आले तरी हृदयविकाराचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी वाढते.

कायद्याची पावले मात्र सावकाश पडली. डेन्मार्कने २००३ साली खाद्यपदार्थांतील चरबीत ट्रान्स फॅट २ टक्क्यांपेक्षा जास्त असू नये असा नियम केला. आपल्या देशात २००९ साली दिल्लीच्या 'सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट' या संस्थेने बाजारातील वनस्पती तपासले, तेव्हा ट्रान्स फॅट डेन्मार्कच्या मर्यादेच्या ५ ते १२ पट आढळले. २०११ साली आपल्याकडे १० टक्क्यांची मर्यादा आली, नंतर ती ५ टक्के झाली. जानेवारी २०२१ पासून ३ टक्के व जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. फ्रेड कुमेरो यांनी आपला आग्रह अखेरपर्यंत सोडला नाही. वयाच्या नव्वदीनंतर त्यांनी सरकारकडे अर्ज केला, दावाही लावला. २०१५ साली अमेरिकन सरकारने अशी अंशतः हायड्रोजनयुक्त तेले सुरक्षित मानता येत नाहीत असे जाहीर केले, आणि २०१७ साली १०२ वर्षांचे होऊन कुमेरो निवर्तले.

विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. शिवडीतील उत्पादन १९३२ चे आणि २ टक्क्यांचा नियम २०२२ चा. मध्ये नव्वद वर्षे गेली. या नव्वद वर्षांत माझ्या दादीने स्वयंपाक केला, अब्बांनी तो खाल्ला आणि मी त्यावर वाढलो.

डबा गेला, पाकीट आले

आता पिवळा डबा दिसेनासा झाला आहे. त्याची जागा रंगीत पाकिटांनी घेतली आहे. चिप्स, क्रीमची बिस्किटे, झटपट शेवया, गोड सरबते, शीतपेये ही आज पाच-दहा रुपयांत कोपऱ्यावरच्या दुकानात मिळतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०११ ते २०२१ या दशकात भारतात अशा पदार्थांच्या विक्रीचे मूल्य दरवर्षी सरासरी १३ टक्क्यांहून अधिक वाढले.

अशा पदार्थांना 'अतिप्रक्रियायुक्त अन्न' म्हणतात. ब्राझीलमधील साओ पावलो विद्यापीठाचे कार्लोस मोंतेरो यांनी २००९ साली ही कल्पना मांडली. लोक घरी साखर व तेल पूर्वीपेक्षा कमी विकत घेत असताना लठ्ठपणा वाढतो कसा, हे कोडे त्यांना पडले होते. साखर आणि तेल तयार पदार्थांतून पोटात जात होते, हे त्याचे उत्तर. त्यांनी अन्नाचे चार गट केले. पहिल्यात धान्य, डाळी, दूध, अंडी, मांस, भाज्या. दुसऱ्यात तेल, मीठ, साखर. तिसऱ्यात पहिल्या दोहोंपासून केलेले लोणचे, खारविलेले मासे, साधा पाव. आणि चौथ्यात कारखान्यात अन्नाचे घटक सुटे करून, त्यांत रंग, कृत्रिम स्वाद, पायसीकारके इत्यादी घालून पुन्हा जुळविलेले पदार्थ. तेव्हा प्रक्रिया म्हणजे वाईट असे मुळीच नाही. गिरणीचे पीठ, वाळविलेली सुकट, ईदेसाठी गच्चीवर वाळत घातलेल्या हाताच्या शेवया याही प्रक्रियाच आहेत. भेद आहे तो चौथ्या गटाचा.

२०१९ साली अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थेत केव्हिन हॉल यांनी एक प्रयोग केला. २० माणसांना चार आठवडे संस्थेतच ठेवले. दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त अन्न व दोन आठवडे साधे अन्न दिले. पुढे वाढलेल्या जेवणात उष्मांक, साखर, चरबी, मीठ व तंतू यांचे प्रमाण दोन्ही वेळा सारखेच होते, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. अतिप्रक्रियायुक्त अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० उष्मांक अधिक खाऊ लागली व दोन आठवड्यांत त्यांचे वजन सुमारे ९०० ग्रॅमने वाढले. साध्या अन्नावर तेवढेच कमी झाले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात, सुमारे एक कोटी लोकांवरील अभ्यासांच्या आधारे, अशा अन्नाचा संबंध हृदयविकार, मधुमेह, लठ्ठपणा यांसह अनेक विकारांशी दिसून आला.

न्यायाने बोलायचे तर हॉल यांचा प्रयोग लहान आहे, आणि आढाव्यातील बहुतेक अभ्यास संबंध दाखवितात, कारण सिद्ध करीत नाहीत. चौथ्या गटातील सर्वच पदार्थ सारखे घातक आहेत का, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. पण वनस्पतीच्या बाबतीत शेवटच्या पुराव्यासाठी आपण किती थांबलो, हे आपण वर पाहिलेच. आणि या वेळी थांबण्यास सवड थोडी आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत.

आपण काय विचारावे?

यंदा मी वर्गातील मुलांना रिकामी पाकिटे आणावयास सांगितली. सगळ्यांनी प्रथम काय पाहिले? हिरवा ठिपका की तपकिरी, कोणी हलालचे चिन्ह, कोणी शेवटची तारीख. पुढील बाजूस 'जीवनसत्त्वयुक्त' असे छापले होते, ते वाचून काही मुले खूष झाली. मला वनस्पतीतले 'अ' जीवनसत्त्व आठवले. मग आम्ही पाकिटे उलटी केली. मागील बारीक अक्षरांतील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. ज्याचे प्रमाण अधिक ते आधी. एका क्रीमच्या बिस्किटात मैद्यानंतर साखर व मग पाम तेल होते. एक मुलगी म्हणाली, "सर, यातलं अर्धं नाव आमच्या अम्मीच्या स्वयंपाकघरात नाहीच." घरच्या स्वयंपाकघरात न सापडणारी नावे यादीत बरीच असली तर तो पदार्थ चौथ्या गटातला, हे तिने न शिकविता ओळखले.

पालकांना दोष देण्याचा माझा हेतू नाही. सकाळी सहाला कामावर निघणाऱ्या आईला पाच रुपयांच्या पाकिटाचा केवढा आधार वाटतो हे मी जाणतो. माझ्या दादीलाही डालड्याचा असाच आधार वाटला होता. साजूक तूपच भरपूर खावे, असेही मी सुचवीत नाही. तेही बेतानेच खावे. शाळेपुरते बोलायचे तर २०२० च्या केंद्रीय नियमांनुसार जादा चरबी, मीठ वा साखर असलेले पदार्थ शाळेत व शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत विकता येत नाहीत. हा नियम पाळला जातो की नाही, हे पालक-शिक्षकांनी मिळून पाहावे.

मुलांच्या मधल्या सुट्टीसाठी मूठभर शेंगदाणे, फुटाणे व गूळ, केळे, उकडलेले अंडे, रात्रीच्या भाकरीचा तिखट कुस्करा यांपैकी काहीही पाकिटापेक्षा स्वस्त पडते किंवा फार तर बरोबरीने. ज्या भुईमुगापासून एके काळी शिवडीत वनस्पती तूप बनले, तो शेंगदाणा मुळात निर्दोषच होता.

आपल्यात म्हण आहे, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा. पुढच्या पिढ्यांना ठेच लागून गेली आहे. आणखी तीस वर्षांनी आपल्या एखाद्या विद्यार्थ्याला डॉक्टरांनी विचारले, "लहानपणी काय खात होता?" तर त्याने "सगळेच खात होते, सरकारमान्य होतं," असे उत्तर देण्याची वेळ येऊ नये. त्यासाठी आज पाकीट उलटे करून वाचण्याची सवय लावून घेतली, तरी इतिहासाचा तास वाया गेला नाही असे मी समजेन.